पहिला घास कुणाचा तुटतो?

वेढा म्हटला की मराठी वाचकाला पन्हाळा आठवतो: सिद्दी जौहर, पावसाळी रात्र, घोडखिंड. ती शौर्याची गोष्ट आहे आणि ती सांगत राहावीच. पण वेढ्याचे मुख्य हत्यार भूक, आणि धान्य संपू लागले की पहिला घास निःशस्त्रांचा तुटतो. यंदाचा अंक त्यांच्यासाठी आहे. खरे तर हे आपल्याला पानिपतावरूनच उमगायला हवे होते. अब्दालीने रसद तोडली तेव्हा मराठी छावणीत लढवय्यांबरोबर बायका-मुले, बुणगे, यात्रेकरू असे सगळेच अडकले होते. १४ जानेवारी १७६१ रोजी फौज लढायला बाहेर पडली, ती उपासमार असह्य झाली म्हणून.

वेढ्याने थेट हल्ल्यापेक्षा रक्त कमी सांडते, शरण आले की सुटका होते, असा जुना युक्तिवाद आहे. लेनिनग्राडपुढे तो टिकत नाही. सप्टेंबर १९४१ मध्ये शहर वेढले गेले आणि त्याच महिन्यात जर्मन आदेश निघाला, की शरणागतीची विनंती आली तरी ती फेटाळावी. नोव्हेंबरअखेर कामगाराला दिवसाला २५० ग्रॅम पाव मिळत होता. मुलांना आणि घरच्या अवलंबितांना १२५ ग्रॅम, तोही भेसळीचा. जानेवारी १९४४ मध्ये वेढा उठेपर्यंत सहा लाखांहून अधिक नागरिक गेले, बहुतेक भुकेने. सोव्हिएत सरकारने लोकांना वेळेत बाहेर काढले नाही, हा आक्षेप खरा आहे. यात्रेकरूंना सोबत न्यायला नको होते, असे आपणही भाऊसाहेबांना अजून सुनावतो. मात्र बचाव करणाऱ्याच्या चुकीमुळे कोंडी करणाऱ्याचा गुन्हा हलका होत नाही.

आणि तरीही तो कायद्याने गुन्हा नव्हता! लेनिनग्राड वेढणारा सेनापती फॉन लेब याच्यावर न्यूरेंबर्गला खटला चालला. शहर उपाशी ठेवणे, इतकेच काय, पळणाऱ्या नागरिकांना तोफा डागून मागे रेटणेही तेव्हाच्या कायद्यात बसते, असे न्यायालयाने १९४८ मध्ये नाइलाजाने मान्य केले. नागरिकांच्या उपासमारीवर स्पष्ट बंदी आली ती १९७७ च्या जिनिव्हा प्रोटोकॉलने. कायद्याने वेढे थांबत नाहीत, हे सारायेव्होने दाखवले. पण तिथल्या नागरिकांवर गोळ्या आणि तोफगोळे झाडणाऱ्या सैन्याचा सेनापती गालिच याला २००६ मध्ये जन्मठेप झाली. लेबवरचा लेनिनग्राडचा आरोप मात्र टिकलाच नव्हता. कायद्याने पडलेला हा फरक आम्हाला मोलाचा वाटतो. म्हणूनच २०१३ मध्ये अन्नसुरक्षेचा कायदा करणारा आपला देश त्या प्रोटोकॉलमध्ये आजही सामील नाही, हे आम्हाला खटकते. त्याने सामील व्हावे, अशी आमची मागणी आहे.