आगोटीच्या यादीत गाडीचं पोटही

मे महिना आला की कोकणातल्या घराघरांत आगोटीची धांदल सुरू होते. मसाले दळून बरण्यांत जातात, सुकी मासळी ऊन दाखवून डब्यांत भरली जाते, लाकडं पडवीत रचली जातात. आमच्या घरी ही यादी अम्मी करते. या वर्षी तिने यादीच्या शेवटी एक ओळ स्वतःच वाढवली आहे : ‘गाडीखाली बघणे’.

त्याचं कारण गेल्या जुलैमधलं. अम्मीचे डोळे तपासायला दुसऱ्या दिवशी पहाटे मुंबईला निघायचं होतं. आदल्या संध्याकाळी अंगणात गाडी मागे घेताना पुढच्या चाकातून खाडकन आवाज आला आणि गाडी एका बाजूला कलली. मेकॅनिकने टॉर्च मारला. पुढच्या शॉकअपवरची स्प्रिंग अगदी खालच्या वेढ्याशी तुटली होती आणि तिचं धारदार टोक टायरपासून जेमतेम दोन बोटांवर होतं. “अंगणात तुटली म्हणून वाचलात,” तो म्हणाला. “घाटात हे टोक टायरमध्ये घुसलं असतं तर?” यावर अम्मी काही बोलली नाही, नुसती ओट्यावर बसून राहिली.

“पण आम्ही तर खालून कोटिंग मारून घेतलं होतं,” आम्ही म्हणालो. त्याने स्क्रू-ड्रायव्हरने तो काळा थर उचकटला. चपातीचा पापुद्रा सुटावा तसा तो सुटून आला. आत लाल गंज आणि मातीच. तेव्हा आम्हाला आठवलं, कोटिंग ऐन पावसाळ्यात, गाडी धुतल्याधुतल्या घाईने मारून घेतलं होतं. चिखल आणि ओल आतच राहिली. वरचा थर गाडीचं रक्षण करत नव्हता, गंज झाकत होता.

किनाऱ्यावरच्या गावांत हा धोका अधिक. खाऱ्या हवेतलं मीठ लोखंडावर बसतं, दमटपणा ओढून घेतं आणि गंजाला वेग देतं. मासळीच्या टेम्पोतून गळणारं बर्फाचं खारं पाणी रस्त्यावर असतंच. त्यात रस्त्यावरची सुटी खडी. चाकाने उडवलेला एक खडा स्प्रिंगवरचा रंग उडवतो, तेवढ्या टिचभर जागेत गंज धरतो, आणि खड्ड्यागणिक दबणारी-सुटणारी स्प्रिंग पुढे तिथूनच तडकते. खालचा वेढा ज्या वाटीत बसतो तिथे चिखल साचून राहतो, म्हणून तुटते ती बहुधा तळाशी.

मोटारसायकल आणि स्कूटरवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. बाइकच्या पुढच्या शॉकअपचा चकचकीत पाइप म्हणजे लोखंडावर चढवलेला क्रोमचा मुलामा. खडीने त्याला टोचे पडले की तिथे गंजाचे ठिपके उठतात. प्रत्येक धक्क्याला ऑइल सील त्या ठिपक्यांवरून घासतं आणि फाटतं. मग तेल पाइपवरून ओघळतं. ते ब्रेकवर उतरलं तर ब्रेक लागत नाही. पाइपवरून नख फिरवून पाहा. अडकलं तर पॉलिश पेपरने घासून काम भागणार नाही, पाइप बदलावा लागेल. नवीन पाइपवर घडीदार रबरी बूट चढवून घेतले तर खडी आणि चिखल बाहेरच राहतात. घरातल्या मुलांना एवढी सवय लावा, की रोज संध्याकाळी ओल्या मऊ फडक्याने पाइप पुसायचा.

आता काय करायचं ते क्रमाने सांगतो. पहिलं काम, गोड्या पाण्याने धुणं. चाकांच्या आतली बाजू, स्प्रिंगची वाटी, लोअर आर्म, सगळीकडचा चिखल निघाला पाहिजे. मात्र जोराच्या फवाऱ्याचं तोंड रबरी बूट आणि सीलवर अगदी जवळून धरू नका; पाणी आत घुसतं. नंतर मे महिन्याच्या उन्हात गाडी एक-दोन दिवस पूर्ण वाळू द्या. हीच पायरी आम्ही चुकवली होती. मग गॅरेजात रॅम्पवर चढवून सुटा गंज तारेच्या ब्रशने काढून घ्या, त्यावर प्रायमर, आणि प्रायमर वाळल्यावर रंग किंवा कोटिंग. घरी नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणी शिरू नये. जॅक सरकायला क्षण पुरतो.

कोटिंग कुठे लागू नये हेही मेकॅनिकला आठवणीने सांगा. शॉकअपचा चकचकीत दांडा, रबरी बुश, ब्रेकची डिस्क, सायलेन्सर आणि पाणी निघून जाण्याची भोकं मोकळी राहिली पाहिजेत. भोकं बुजली की पाणी आतच साचतं. काही ठिकाणी जळालेलं इंजिन ऑइल डिझेलमध्ये मिसळून खालून फवारतात. स्वस्त पडतं, पण तेलाने रबर फुगतं आणि सैल होतं, धूळ चिकटते, ब्रेकवर उडालं तर जिवावर बेततं.

त्याच वेळी रबरी बूटही तपासून घ्या. फाटका बूट बदलायला थोडे पैसे लागतात. तो तसाच ठेवला तर चिखल आत जाऊन सांधा खातो आणि खर्च कित्येक पट वाढतो. स्प्रिंगला खोल खळगे पडले असतील तर रंग चढवून उपयोग नाही, आणि तुटलेली स्प्रिंग वेल्डिंगने जोडून देतो म्हणणाऱ्याचं ऐकूच नका. बदलताना दोन्ही बाजूंच्या एकदम बदलाव्यात, नाहीतर गाडी एकीकडे झुकते. पुढचं काम झालं की अलाइनमेंट बघून घ्यावी.

पावसाळाभर एवढंच पुरे : समुद्रावर किंवा चिखलातून जाऊन आलात की शक्य तितक्या लवकर खालून पाणी मारा, आणि ओली गाडी ताडपत्रीत गुंडाळून ठेवू नका.

अम्मीची तपासणी त्या वेळी तीन आठवडे पुढे गेली. या वर्षीची तारीख जूनमध्ये आहे. गाडी परवाच रॅम्पवरून उतरली. अम्मीने यादीतल्या शेवटच्या ओळीवर रेघ मारली, पण त्याआधी चष्मा लावून बिल नीट वाचलं.