नवी इमारत, जुने जंतू

दोन पावसाळ्यांपूर्वी केंदूरच्या एका आजोबांना निमोनिया झाला. वय सत्तरीच्या पुढे, त्यात मधुमेह. मी त्यांना नगर रस्त्यावरच्या एका रुग्णालयात पाठवले. ते रुग्णालय नुकतेच जुन्या जागेतून नव्या इमारतीत आले होते. काचेची दारे, चकचकीत फरशी, गारेगार हवा. मुलगा खूष होता. निमोनिया उतरलाही, पण आठव्या दिवशी पुन्हा ताप चढला आणि रक्तात नेहमीच्या औषधांना दाद न देणारा जंतू सापडला. आजोबा घरी आले नाहीत.

मी भेटायला गेलो होतो तेव्हा दोन खाटांमध्ये सिस्टरला धड उभे राहायला जागा नव्हती. हात धुण्याचे बेसिन उशाशी आणि त्याला लागूनच इंजेक्शनचा ट्रे. त्यानेच घात केला असे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण तो ट्रे माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

अतिदक्षता विभागातल्या रोग्याच्या घशात, शिरेत, मूत्रमार्गात नळ्या असतात. निरोगी माणसाला ज्या जंतूचा त्रास होत नाही, तो या नळ्यांच्या वाटेने आत शिरतो. कॅनडात टोरांटोच्या एका रुग्णालयात २००४ ते २००६ या काळात अतिदक्षता विभागात ३६ रोग्यांना असा हट्टी जंतू चिकटला. खोल्या स्वतंत्र, पण बेसिन उथळ आणि नळाची धार थेट मोरीच्या तोंडावर. तिथल्या डॉक्टरांनी बेसिनमध्ये चमकणारा रंग टाकून नळ सोडला, तर शिंतोडे तीन फुटांपर्यंत उडालेले दिसले! बेसिने बदलली, साथ थांबली.

त्याच देशात माँट्रियलमध्ये २००२ साली एका अतिदक्षता विभागात प्रत्येक रोग्याला वेगळी खोली दिली. सामाईक विभाग असलेल्या दुसऱ्या रुग्णालयाशी ताडून पाहता काही चिवट जंतूंची लागण ५४ टक्क्यांनी घटली. म्हणजे भिंत तारतेही आणि मारतेही.

आपल्याकडे प्रत्येकाला खोली परवडणार नाही, मान्य. पण खाटांत अंतर, प्रत्येक खाटेशी हात निर्जंतुक करण्याची बाटली आणि औषधांपासून दूर बेसिन, याला किती खर्च येतो? हवेचेही तसेच. भिंतीवरचा एसी आतलीच हवा गार करून फिरवतो, ताजी हवा आणत नाही. पुण्याच्या ससूनची १८६७ची दगडी इमारत बांधणाऱ्यांकडे एसी नव्हता, म्हणून त्यांना हवेचा विचार आधीच करावा लागला. ससूनची नवी अकरा मजली इमारत एप्रिल २०२० मध्ये कोरोनासाठी तातडीने सुरू करावी लागली. ती निकड होती. एरवी मात्र स्थलांतराची तारीख उद्‌घाटन करणाऱ्या पाहुण्यांच्या सवडीने ठरते. महिनोन्‌महिने पाइपात साचलेले पाणी वाहून काढले का, तपासले का, हे कोणी विचारत नाही. आराखडा काढताना सिस्टरला तर नाहीच विचारत.

हल्ली पेशंट पाठवण्याआधी मी फोनवर विचारतो : खाटांत अंतर किती, बेसिन कुठे? परवा एका डॉक्टरांनी रागाने फोन आपटला. पेशंट मी दुसरीकडे पाठवला.