छप्पर उघडं, खोका बंद

परवा भाच्याने विचारलं, "मामा, ह्या गाड्या खोक्यातच का?" उत्तर द्यायला गेलो आणि अडलो. आमच्या छंदातली जाणती मंडळी म्हणतात, खोका उघडला की किंमत गेली. मीही इतकी वर्षं निमूट ऐकलं.

पण मी गोळा करतो त्या जुन्या फ्रेंच, उघड्या टपाच्या गाड्या, १:४३ मापाच्या. सित्रोएन डीएस घ्या. तिची उघडी आवृत्ती आँरी शाप्राँच्या कारखान्यात बनायची. कंपनीच्या यादीतल्या गाड्या १९६० ते १९७१ मध्ये चौदाशेसुद्धा भरल्या नाहीत. खरी या जन्मी परवडणार नाही. माझी अकरा सेंटिमीटरची, नोरेव्हची. (व्हेराँ हे मालकांचं आडनाव, त्याची अक्षरं उलटी लिहिली की नोरेव्ह!) टप नसल्यामुळे आतलं सगळं दिसतं, ते एकाच दांडीचं स्टिअरिंगसुद्धा. दिसतं म्हणजे, प्लॅस्टिकवरची धूळ पुसली तर. उघडी गाडी कोंडून ठेवायची, हा शुद्ध वेडेपणा आहे. किंमत येणार कधी, तर विकली की. आणि विकणार कोण?

असो. संध्याकाळी प्यूजो ४०३ काढली. हीच ती कोलंबोची गाडी. मालिकेत कशी पार खटारा दिसायची, माझी मात्र नवरीसारखी चकचकीत. तळाचे दोन स्क्रू काढले. भाच्याने सतरंजीवर दोन फेऱ्या मारल्या आणि तिसऱ्या फेरीत टेबलाच्या पायावर आदळवली. बंपरजवळचा रंग उडाला. पोटात गोळा आला, खोटं कशाला सांगू? पण आता ती कोलंबोची वाटते.

डीएस अजून खोक्यातच आहे. भाचा दिवाळीत परत येतोय.