वाऱ्यावरची निळी शिडं
पावसाळ्यात, विशेषतः ऑगस्टमध्ये, जुहू किंवा गिरगावच्या चौपाटीवर भरती ओसरली की ओल्या वाळूत निळसर, पारदर्शक फुगे विखुरलेले दिसतात. या ब्लू बॉटल. सगळे त्यांना जेलीफिश म्हणतात, पण त्या जेलीफिशच्या चुलत बहिणी. आणि खरं तर प्रत्येक ब्लू बॉटल हा एक जीवही नव्हे, ती जीवांची वसाहत. कुणी तरंगायचं, कुणी भक्ष्य धरायचं, कुणी पचवायचं, कुणी प्रजनन सांभाळायचं. सुटा निघाला तर कुणीच जगणार नाही. जरा वाकून पाहा. फुग्याच्या माथ्यावर चुण्यांचा, गुलाबी कडेचा तुरा असतो. तेच तिचं शीड. पोहून दिशा धरणं तिला जमत नाही, वारा नेईल तिकडे जायचं. मात्र काहींचं शीड डावीकडे कललेलं असतं, काहींचं उजवीकडे, त्यामुळे एकाच वाऱ्यात त्या दोन दिशांना पांगतात आणि सगळ्याच किनाऱ्याला लागून मरत नाहीत. ही व्यवस्था मला विलक्षण वाटते. म्हणूनच मुलांना काठीनं हे फुगे फोडू देणारे पालक पाहिले की जीव तुटतो; त्यापेक्षा शीड कुठल्या बाजूला कललंय ते शोधायला लावा ना! फक्त हात लावू देऊ नका, मेलेल्या ब्लू बॉटलचे लांब तंतूही डसतात. डसलीच तर चोळायचं नाही, चिकटलेले तंतू चिमट्यानं काढायचे, समुद्राच्याच पाण्यानं धुवायचं, मग तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात ठेवायचा. श्वास लागला तर थेट रुग्णालय गाठायचं.