पुण्याचा भार पुण्यानेच उचलावा

पुण्याच्या वाढीविषयी बोलणे निघाले की एक मत हमखास पुढे येते: माणसे फार झाली. नदी नासली, टेकड्या पोखरल्या गेल्या, कचऱ्याला जागा उरली नाही, रस्त्यावर श्वास कोंडतो. आणि या सगळ्याचे मूळ बाहेरून येणाऱ्या लोंढ्यात आहे. सोसायटीच्या बैठकीत हे ऐकू येते, राजकीय भाषणांतही. त्यात काहीच तथ्य नाही असे नाही. हिंजवडी, चाकण, तळेगावच्या रोजगारामागे माणसे आली, पाणी जास्त लागू लागले, कचरा वाढला. तरीही हे मत चूक आहे आणि घातकही आहे. दोष एकदा डोक्यांच्या संख्येवर टाकला की नकाशा आखणारा, बांधकामाला परवानगी देणारा आणि ओढ्यात राडारोडा ओतणारा, तिघेही सुटतात.

२५ सप्टेंबर २०१९ ची रात्र आठवून पाहावी. कात्रजच्या डोंगरातून येणारा आंबिल ओढा अरण्येश्वर, सहकारनगर, दांडेकर पूल या वस्त्यांमधून उसळून गेला. टांगेवाला कॉलनीत भिंत कोसळून माणसे दगावली. त्या पावसाने जिल्ह्यात वीसहून अधिक बळी घेतले. त्या रात्री कात्रजला काही लाख नवे लोक उतरले नव्हते. पाऊस जोराचा होता, पण ओढ्याची रुंदी वर्षानुवर्षे दोन्ही बाजूंनी खाल्ली गेली होती, पुलांखालच्या मोऱ्या अरुंद होत्या आणि काठाला सीमाभिंती उभ्या होत्या. पुढे २५ जुलै २०२४ ला खडकवासला धरणातून मोठा विसर्ग झाला आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत लोकांच्या घरांत मुठेचे पाणी शिरले. पूररेषा नकाशावर असते. तिच्या आत इमारत उभी राहते ती कोणाच्या तरी सहीने, नाहीतर कोणाच्या तरी डोळेझाकीने. घर घेणाऱ्याने आयुष्यभराची बचत तिथे घातलेली असते. दोष त्याच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते.

खरे तर दाटीने राहणारी माणसे पृथ्वीला स्वस्त पडतात. कसबा किंवा सदाशिव पेठेत मंडई, शाळा, दवाखाना पायी गाठता येतो. एका गल्लीतली एक जलवाहिनी आणि एक मैलावाहिनी शेकडो घरांना पुरते. तेच कुटुंब शहराच्या कडेला, शेतात एकट्या उभ्या राहिलेल्या बारा मजली इमारतीत राहायला गेले की दोन दुचाकी आणि एक मोटार घ्यावी लागते, पाणी टँकरने येते आणि मैला कुठे जातो हे विचारू नये अशी स्थिती असते. माणसे तीच, भार मात्र वाढलेला.

पुण्याची वाढ गेली काही दशके नेमकी या दुसऱ्या तऱ्हेने झाली. १९९७ मध्ये २३ गावे महापालिकेत आली, २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३. क्षेत्रफळ पाचशे चौरस किलोमीटरच्या वर गेले. हद्दीपुरते पाहिले तर पुणे मुंबईहून मोठे झाले. हद्द कागदावर एका अधिसूचनेने सरकते, मैलावाहिनी तशी सरकत नाही. त्याची किंमत जानेवारी २०२५ मध्ये दिसली. नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत गियाँ-बारे या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकामागून एक सापडले आणि दूषित पाण्याशी त्याचा संबंध तपासात पुढे आला. खडकवासल्याच्या धरणापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्यांना शुद्ध पाणी मिळत नव्हते. इमारती आधी आणि नळ मागाहून, हा क्रम त्या गावांतल्या लोकांनी ठरवलेला नव्हता.

दुसरे मत अधिक सभ्य भाषेत मांडले जाते. आधी शहर श्रीमंत होऊ द्या, उद्योग येऊ द्या. पैसा आला की नद्याही साफ करता येतील. या मताच्या लोकांनी दक्षिण कोरियातल्या सोलकडे पाहावे. तिथे चोंगेचॉन हा ओढा बुजवून वर उन्नत महामार्ग बांधला होता. शहर श्रीमंत झाल्यावर तो महामार्ग पाडून २००५ मध्ये ओढा पुन्हा उघडा केला. जगभर त्याचे कौतुक झाले, आणि काठची हवा थंडावली हेही खरे. पण आज त्यात वाहणारे बहुतेक पाणी हान नदीतून पंपाने चढवून आणावे लागते, कारण वरचे झरे आणि पाणलोट परत आले नाहीत. सोलला जे खर्चूनही पुरते मिळाले नाही, ते पुण्याच्या कडेच्या गावांत आज फुकट वाहते आहे.

आपल्याकडे तर पैसा असूनही क्रम उलटा लागतो. मुळा-मुठेच्या शुद्धीकरणासाठी जपानी कर्जातून ११ मैलाशुद्धीकरण केंद्रे बांधायचा करार २०१६ मध्ये झाला. भूमिपूजन मार्च २०२२ मध्ये झाले, आणि त्याच दिवशी नदीकाठ सुशोभीकरणाचेही झाले. काठाला दगडी बांध घालून फिरायला जागा करायची आणि पात्रात मैलापाणी सोडत राहायचे, याला मी नदीसुधार म्हणू शकत नाही. शिवाय काठ आवळला की पुराची पातळी चढते. एकतानगरीनंतर हे समजावून सांगण्याची गरज पडू नये.

आणि हे मैलापाणी जाते कुठे? मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा उजनी धरणात थांबते आणि उजनीचे पाणी सोलापूर पिते. धरणाच्या वरच्या बाजूला दौंड-इंदापूरकडे जलपर्णीचा गालिचा दिसतो, तो पुण्याने पाठवलेल्या अन्नावर पोसलेला असतो. मुंढव्याला जॅकवेल बांधून प्रक्रिया केलेले सांडपाणी जुन्या बेबी कालव्यात सोडायचे आणि त्या बदल्यात धरणाचे चांगले पाणी शहराने घ्यायचे, असा व्यवहार झाला. तत्त्व म्हणून तो मला मान्य आहे. पण त्या पाण्याच्या दर्जाची तक्रार शेतकरी वर्षानुवर्षे करत आहेत आणि शहरात तिची बातमी आतल्या पानावर येते. कचऱ्याचेही तेच. उरुळी देवाची आणि फुरसुंगीने काही दशके पुण्याचा कचरा सोसला; विहिरी नासल्या, आगी लागल्या, आंदोलने झाली. ती गावे हद्दीत घेतली, पुढे वगळून त्यांची वेगळी नगरपरिषद केली. कचऱ्याचे डोंगर मात्र पुण्याचे होते आणि आहेत.

म्हणून माझे मागणे एवढेच आहे की शहराने आपला भार आपल्या हद्दीत उचलावा. हे अशक्य नाही, आणि त्याचा एक मोठा पुरावा पुण्यातच आहे. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये उभी राहिली. कचरा वेचणाऱ्या बायकांच्या त्या संघटनेतून ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था आली आणि २००८ मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला. आज साडेतीन हजारांहून अधिक कष्टकरी दारोदार जाऊन ओला-सुका कचरा वेगळा घेतात. पुठ्ठा, प्लॅस्टिक, काच, पत्रा कारखान्यांकडे परत जातो, डेपोवर जात नाही. यासाठी महागडी यंत्रे लागली नाहीत. तरी करार वाढवायची वेळ आली की त्यांना हटवून मोठ्या ठेकेदाराला काम द्यायची चर्चा दरवेळी उठते. वजनावर पैसे मिळवणाऱ्या ठेकेदाराला कचरा जास्त असलेलाच परवडतो; कचरा कमी करण्यात हित असलेली माणसे आपल्याकडे आहेत आणि आपण त्यांना करारासाठी ताटकळत ठेवतो.

वाहतुकीत तर उत्तर माहीत असूनही आपण त्याकडे पाठ फिरवली. कात्रज-स्वारगेट-हडपसर हा देशातला पहिला बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिकेचा, मार्ग २००६ मध्ये इथे सुरू झाला. तो नीट बांधला गेला नाही, म्हणून कल्पनाच टाकून दिली. नगर रस्त्यावरची मार्गिका तर उखडून काढली. उड्डाणपुलांवर मात्र श्रद्धा टिकून राहिली. विद्यापीठ चौकातले पूल बांधून पंधरा वर्षेही झाली नव्हती, तेव्हा २०२० मध्ये ते पाडून नवा दुमजली पूल बांधायला घेतला. पुलाने कोंडी फुटते, असे पुलाचे समर्थक म्हणतात. फुटते, आणि पुढच्या चौकात साठते. मोकळा रस्ता दिसला की आणखी गाड्या बाहेर निघतात. केंद्राच्या निकषाप्रमाणे हजार लोकांमागे ०.६ बस असली तर सेवा उत्तम. पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून त्या हिशेबाने साडेतीन हजारांवर बस हव्यात, दोन्ही शहरांची बससेवा चालवणाऱ्या पीएमपीकडे दोन हजारांच्या आसपास आहेत, आणि त्यांतल्या सगळ्या रोज रस्त्यावर नसतात. मेट्रो आली हे चांगले झाले, पण स्थानकापर्यंत नेणारी बस नसेल तर माणूस दुचाकीच काढणार.

इथे टेकड्या वाचवणाऱ्या माझ्या मित्रांशीही मतभेद आहे. वेताळ टेकडीवरून रस्ता नको, टेकड्यांवरच्या जैववैविध्य उद्यानाच्या आरक्षणात बांधकाम नको, हे त्यांचे म्हणणे शब्दशः बरोबर आहे. पण त्यांतले काहीजण मेट्रो स्थानकाजवळच्या उंच इमारतींनाही तेवढ्याच जोराने विरोध करतात. मग माणसांनी राहायचे कुठे? स्थानकाजवळ नाही, पेठेत नाही, तर शेवटी ती मांजरीच्या शेतात आणि जांभूळवाडीच्या उतारावरच जाणार. टेकडी वाचवायची तर दाटीला जागा द्यावी लागेल, आणि त्या दाटीला पाणी, मैलावाहिनी, मोकळी मैदाने आधी.

आता हाती काय आहे ते पाहू. वाघोली, मांजरी, पिसोळी, नऱ्हे, सूस या गावांत अजून काही ओढे उघडे आहेत. त्यांचे उगमापासून नदीपर्यंतचे पात्र जुन्या भूमापन नकाशांवरून मोजावे, जागेवर खुणेचे दगड रोवावेत आणि ते काम पुरे होईपर्यंत काठालगतची एकही बांधकाम परवानगी देऊ नये. बिल्डरांचे नुकसान होईल, महापालिकेचे विकास शुल्कही काही काळ बुडेल. बुडू द्यावे.