शुक्रवार लवकर येत नसतो

पोकेमॉनच्या खेळांमध्ये सर्वांत सरस कोणता, या प्रश्नावर आमच्या तेल्हाऱ्यात तीन पक्ष आहेत. एक फायररेडवाल्यांचा, तो मोठा. दुसरा एमराल्डवाल्यांचा, तो आक्रमक. तिसरा ब्लॅक-व्हाइटवाल्यांचा, हे बहुतेक इंजिनिअरिंगला बाहेरगावी गेलेले, त्यामुळे संख्येनं थोडे आणि बोलण्यात भारी. दिवाळीच्या सुटीत तिन्ही पक्ष गावात हजर असतात. सोयाबीनचे भाव आणि बोंडअळी बोलून झाली की विषय तिथेच येतो. माझ्या मते तिघंही चुकतात. पहिला मान दुसऱ्या पिढीच्या गोल्ड-सिल्व्हरला जायला हवा. पण पूर्वपक्ष लंगडा उभा करून पाडायचा ही आपल्याकडची जुनी खोड आहे, म्हणून आधी त्यांचं म्हणणं नीट ऐकू.

यातलं काहीच ठाऊक नसलेल्यांसाठी थोडं. पोकेमॉन म्हणजे टीव्हीवरचा पिवळा पिकाचू एवढीच पुष्कळांची समजूत असते. मूळचा आहे तो खेळ. जपानच्या गेम फ्रीक कंपनीनं निन्टेन्डोच्या गेमबॉय या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी 27 फेब्रुवारी 1996 रोजी रेड आणि ग्रीन हे जोडखेळ काढले. कल्पना सातोशी ताजिरींची, लहानपणी किडे गोळा करत हिंडलेल्या माणसाची. खेळणाऱ्यानं एका पोराची भूमिका घ्यायची, गावोगाव हिंडायचं, प्राणी पकडायचे, वाढवायचे, झुंजवायचे. अशा भूमिका-खेळांच्या मालिकांवरून जगभर भांडणं चालतात. फायनल फँटसीचा 1994 चा सहावा भाग थोर की 1997 चा सातवा, यावरून लोक अजून एकमेकांचं तोंड पाहत नाहीत. आपला वाद त्याच जातीचा. फरक एवढाच की आपण तो परक्या यंत्रावर खेळून घालतो.

हा फरक मात्र लहान नाही. तेल्हाऱ्यात गेमबॉय कुणाच्या हातात होता? कॅसेट घालून टीव्हीला जोडायचा तो व्हिडिओ गेम होता, त्यात मारिओ आणि कॉन्ट्रा होते. पोकेमॉन आला तो संगणकावर, व्हिज्युअलबॉय ॲडव्हान्स या एम्युलेटरमधून, म्हणजे गेमबॉयची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममधून, कुणीतरी अकोल्याहून आणलेल्या सीडीवरून. पुढे मोबाइल दुकानात मेमरी कार्ड भरून. सगळा चोरीचाच मामला, त्याचं समर्थन इथे करायचं नाही. मुद्दा वेगळा आहे. एम्युलेटरमध्ये स्पेसबार दाबून धरला की खेळ कितीतरी पट वेगानं पळतो. आमच्याकडच्या पोरांनी सगळे पोकेमॉन असे स्पेसबारवर अंगठा ठेवून खेळले आहेत. तिन्ही पक्षांच्या मतांवर त्या अंगठ्याचा ठसा आहे.

आता फायररेड. पक्ष असा: पहिलं तेच खरं. कांटो प्रदेश, मूळचे 151 प्राणी, टीव्हीवर पाहिलेली तीच गावं. एका मित्राचं वाक्य आहे, “बाकी सारी फरदड हाय बे.” मोसम संपल्यावर पाणी देऊन उभी ठेवलेली कपाशी म्हणजे पुढचे सगळे खेळ, असा त्याचा अर्थ. ऐकायला जोरदार आहे. पण फायररेड हा पहिला खेळच नाही. तो 2004 साली काढलेला पहिल्याचा नवा अवतार आहे, तिसऱ्या पिढीतला. ‘पहिलं तेच खरं’ म्हणणाऱ्यानं 1996 चा रेड खेळायला हवा, त्यातले गोंधळ आणि तुटकी चित्रं सहन करायला हवीत. ते कुणी करत नाही. खरं कारण सरळ आहे: 2003 साली कार्टून नेटवर्कवर मालिका लागली आणि संगणकावर जो खेळ त्या मालिकेशी जुळला, तो जिवाचा झाला. यात वावगं काही नाही, पण ही खेळाची गुणवत्ता नव्हे, टीव्हीची पुण्याई आहे.

त्याहून मोठा दोष फायररेडच्या पोटात आहे. त्यात घड्याळ नाही. दिवस नाही, रात्र नाही, वार नाहीत. आधीच्या पिढीनं हे सगळं देऊन झाल्यावर ते काढून घेतलं. ईव्ही या प्राण्याला दिवसा माया लावली तर तो एस्पिऑन होतो, रात्री लावली तर अम्ब्रिऑन. फायररेडमध्ये दोन्ही होत नाहीत, कारण तिथे वेळच नाही. गोलबॅट तुमच्यावर कितीही जीव टाको, मुख्य कथा संपून मोठी प्राणिसूची हाती येईपर्यंत त्याचं क्रोबॅटमध्ये होणारं रूपांतर खेळ अर्ध्यात थांबवतो. जुन्या आठवणींचा देखावा बिघडू नये म्हणून जिवंत प्राण्याची वाढ रोखणारा खेळ मला सरस म्हणवत नाही.

एमराल्डवाल्यांशी भांडताना जपून बोलावं लागतं, कारण त्यांचा खेळ खरंच भरगच्च आहे. जपानात सप्टेंबर 2004 मध्ये आलेल्या या खेळात कथा संपल्यावर बॅटल फ्रंटियर उघडतो: झुंजीची सात वेगवेगळी ठिकाणं, प्रत्येकाचे नियम निराळे. कुठे स्वतःचे प्राणी न्यायला बंदी, कुठे हुकूम देण्याची सोय नाही, प्राणी स्वभावानुसार लढेल ते पाहायचं. झुंजीचा एवढा विचार त्याआधी या मालिकेत झाला नव्हता, हे मान्य. शिवाय त्यात घड्याळ आहे. बेरी पेरायच्या, पाणी घालायचं, वाढायची वाट बघायची. शोल गुहेत भरती-ओहोटी येते. शेतकऱ्याच्या पोरांना तो आवडला यात नवल नाही.

पण आमच्या गावात एमराल्ड सुरू केला की बहुतेक संगणकांवर आधी एक सूचना यायची: आतली बॅटरी संपली आहे, खेळ चालेल, मात्र घड्याळावरच्या घटना घडणार नाहीत. त्याच्या आधी ते ‘1एम सब-सर्किट बोर्ड’ बसवलेलं नाही म्हणून रडणं. सेव्हचा प्रकार बदलायला कुणीतरी जाणता सापडेपर्यंत पोरांच्या कितीतरी खेळ्या वाया गेल्या. ही सगळी एम्युलेटरची रडकथा, तिचा दोष एमराल्डला देणार नाही. पण ती बॅटरीची सूचना मूळ खेळातलीच आहे आणि ती काय सांगते पाहा. घड्याळ मेलं तरी खेळ चालेल! म्हणजे एमराल्डमध्ये काळ हा पाहुणा आहे. आला तर बेरी वाढतील, नाही आला तरी कथा अडत नाही. रात्र तर पडद्यावर कधी दिसतच नाही. राहिला बॅटल फ्रंटियर. त्याची थोरवी गाणाऱ्यांपैकी किती जणांनी तो पार केला, हे मी एकदा बैठकीत विचारलं होतं. विषय लगेच कपाशीवर गेला.

ब्लॅक-व्हाइट हा विद्वानांचा लाडका. 2010 सालचा. यात कथा संपेपर्यंत जुना एकही प्राणी मिळत नाही, 156 नवे आणले. एवढं धाडस या मालिकेनं आधी केलं नव्हतं. आणि त्यातला एन नावाचा तरुण थेट विचारतो, की प्राण्यांना पकडून झुंजवण्याचा हक्क तुम्हाला कुणी दिला? मालिकेनं स्वतःच्याच पायाखालची जमीन खणली, असं आमचे विद्वान म्हणतात. खणायला सुरुवात केली, हे खरं. पण पुढे काय होतं? एनच्या संघटनेमागे उभा असलेला गेट्सिस ढोंगी निघतो. प्राण्यांची मुक्ती हे त्याचं निमित्त, सत्ता हे काम. प्रश्न विचारणारी संघटना खलनायकाची निघाली की प्रश्नाचं उत्तर द्यायची गरज उरत नाही. उत्तर म्हणून काय होतं, तर आणखी एक झुंज. ही पळवाट आहे. तिला तत्त्वज्ञान म्हणणारे लोक मला आपल्या वर्तमानपत्रांतल्या काही अग्रलेखांची आठवण करून देतात, पण ते असो.

चौथाही एक पक्ष असतो, चहा पिता पिता उठणारा. “ज्याच्या त्याच्या लहानपणीचा खेळ त्याला सरस, भांडता कशाले?” हा पक्ष नाही, ही पळापळ आहे. आवड ज्याची त्याची असेल, पण ‘सरस’ म्हटलं की कारण द्यावं लागतं.

माझं कारण घड्याळ. 21 नोव्हेंबर 1999 रोजी जपानात गोल्ड-सिल्व्हर आले. खेळ सुरू केला की प्रोफेसर ओक झोपेतून उठतात आणि पहिली गोष्ट विचारतात ती ही, की किती वाजले? तुमचं नाव नंतर. पुढे घराबाहेर पडताना आई वार विचारते. या दोन प्रश्नांवर सगळा खेळ उभा आहे. हूटहूट हे घुबड गवतात रात्रीच भेटतं. किडे पकडायची स्पर्धा मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी. युनियन गुहेच्या तळाशी लाप्रास हा प्राणी येतो तो फक्त शुक्रवारी. सात भावंडं सात ठिकाणी उभी असतात, एकेक आपापल्या वारी. झाडावरून एप्रिकॉर्न तोडून म्हाताऱ्या कर्टकडे दिलं तर प्राणी पकडायचा चेंडू दुसऱ्या दिवशी मिळतो. आईकडे पैसे साठवायला दिले तर ती तुम्हाला न विचारता त्यातून खरेदी करते (हा भाग कुठल्याही वऱ्हाडी घरात लिहिला गेला असता).

भूमिका-खेळ म्हणजे काय, तर दुसऱ्याच्या जगात माणूस म्हणून राहायला जाणं. ज्या जगात तुम्ही बटण दाबल्याशिवाय पान हलत नाही, तिथे तुम्ही राहत नाही, तिथे तुम्ही मालक असता. गोल्ड-सिल्व्हरचं जग तुमची वाट पाहत नाही. तुम्ही शाळेत असता तेव्हाही तिथे संध्याकाळ होते.

आणि इथेच आमच्या स्पेसबारची फजिती होते. लढाई चौपट वेगानं संपवता येते, चालणं पळवता येतं, पण या खेळाचं घड्याळ एम्युलेटर संगणकाच्या घड्याळावरून घेतो. कितीही दाबा, शुक्रवार लवकर येत नाही. “काहून थांबू बे शुक्रवारपर्यंत?” म्हणत पोरं संगणकाची तारीखच पुढे करायची. भारनियमनात वीज गेली आणि जुन्या असेम्बल्ड संगणकाचा सेल मेलेला असला, की तारीख आपोआप कित्येक वर्षं मागेही जायची. तारीख पुढे केली की लाप्रास भेटायचा, पण त्याला भेटणं म्हणायचं का? ज्यांनी तारखा ढकलत गोल्ड खेळला आणि ‘काही विशेष नाही’ असा निकाल दिला, त्यांनी तो खेळलेलाच नाही.

विरोधकांचे दोन आक्षेप वजनदार आहेत. पहिला, ताकदीच्या पायऱ्यांचा. गोल्ड-सिल्व्हरच्या जोहतो प्रदेशातले रानातले प्राणी दुबळे, आणि विजेत्या लान्सचा सर्वांत तगडा प्राणी पन्नासाव्या पायरीवर असताना शेवटी भेटणाऱ्या रेड या पोराचा पिकाचू एकदम एक्याऐंशीव्या. मधला चढ कंटाळवाणा आहे. हा दोष खरा, त्याला उत्तर नाही. मी तो पदरात घेतो.

दुसरा आक्षेप मात्र उलटवता येतो. जोहतो संपल्यावर हा खेळ जुन्या कांटोत नेतो, आणि तो कांटो म्हणे पोकळ आहे. व्हिरिडियनचं जंगल उरलेलं नाही, सफारी बंद, सिनाबार बेटावरचं गाव ज्वालामुखीनं गिळलेलं, लॅव्हेंडरच्या समाधी-मनोऱ्याच्या जागी रेडिओचा मनोरा. जागेच्या टंचाईचा यात हात असणारच. त्या इवल्या कॅसेटमध्ये चित्रं बसवायला दाबणीची साधनं सातोरू इवातांनी स्वतः लिहून दिली होती. पुढे 2002 मध्ये निन्टेन्डोचे अध्यक्ष झाले तेच. पण कथेत तीन वर्षं उलटली आहेत, आणि तीन वर्षांनी परतलेल्याला गाव तसंच सापडावं, हा हट्ट कशाला? आमच्या तालुक्यातून हिवरखेड-अडगाववरून जाणारी अकोला-खंडवा मीटरगेज 2017 च्या सुरुवातीला बंद झाली. त्यानंतर शिकून परतलेल्या पोरांना बंद सफारीचा अर्थ मी सांगायला नको. आणि त्या सगळ्या बदललेल्या मुलखाच्या टोकाला, सिल्व्हर डोंगरावर, पहिल्या खेळातला नायक रेड एकटा उभा असतो. म्हणजे तीन वर्षांपूर्वीचे तुम्हीच. तो एक शब्द बोलत नाही.

म्हणूनच 2009 च्या हार्टगोल्ड-सोलसिल्व्हरला मी दुसरा क्रमांक देतो, पहिला नाही. हा गोल्डचा नवा अवतार देखणा आहे, प्राणी मागे मागे चालतो तेही गोड. पण व्हिरिडियनचं जंगल त्यानं परत लावलं. लोकांना हवं होतं, म्हणून दिलं. लोक खूश झाले आणि गेलेल्या तीन वर्षांचा काटा काढला गेला.

जोडीऐवजी एकच नाव हवं असेल तर त्याच पिढीतला क्रिस्टल, 2000 च्या डिसेंबरातला. घड्याळ तेच, आणि मुलीची भूमिका घेऊन खेळता येणारा या मालिकेतला पहिला खेळ. गावातल्या कितीतरी बहिणी भावाच्या खुर्चीमागे उभ्या राहून हा खेळ बघत होत्या, त्यांच्यासाठी तरी हे आधीच व्हायला हवं होतं.

तेव्हा फायररेड, एमराल्ड आणि ब्लॅक-व्हाइटच्या मंडळींनो, येत्या दिवाळीच्या बैठकीआधी एवढं करा. क्रिस्टल सुरू करा, तारीख खरी ठेवा, स्पेसबारवरचा अंगठा काढा आणि निदान एक शुक्रवार येऊ द्या. मग भांडायला या.