घाट आपोआप उघडत नाही

दिवाळी अंक म्हटला की त्यात एक हिमालय असायचाच. चार पाने मजकूर, दोन छायाचित्रे आणि पर्वतांनी पांघरलेली ती 'शुभ्र शाल'! माझ्या वर्गातली मुले निबंधात ही शाल लिहितात तेव्हा मी त्यांना गुण देऊन टाकतो, कारण त्या बिचाऱ्यांनी पर्वत पाहिलेला नसतो. परंतु ज्यांनी तो पाहिला, चांगली मोटार ठरवून चैत्राच्या तोंडाशी झोजिला ओलांडला, त्यांनीही परत येताना तीच शाल आणावी? शिळी उपमा हा काही गुन्हा नव्हे. माझी तक्रार खोटेपणाबद्दल आहे.

हे लेख बारकाईने वाचा. 'मार्चअखेर घाट खुला होतो', 'रस्ता उलगडत जातो', 'दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती उभ्या राहतात'. मी मॅट्रिकच्या पुढे शिकलो नाही, पण वाक्यातला कर्ता शोधायला तेवढे शिक्षण पुरते. घाट हे काय कमळ आहे, की ऊन लागले आणि उमलले? भिंत कधी आपोआप उभी राहिली आहे काय?

श्रीनगरहून लेहला जाणारा हा रस्ता सुमारे सव्वाचारशे किलोमीटरचा. सोनमर्ग सोडले की झोजिला लागतो. उंची साडेअकरा हजार फुटांच्या आसपास. हिवाळाभर तिथे कडे ढासळावेत तसे हिमलोट कोसळत असतात. एके काळी हा घाट वर्षातले पाच-सहा महिने बंद असे. २०२३ साली तो ६८ दिवस बंद राहून १६ मार्चला उघडला. २०२५ साली अवघे ३२ दिवस बंद राहून १ एप्रिलला. हे दिवस सूर्याने कमी केलेले नाहीत. ७ मे १९६० रोजी स्थापन झालेल्या सीमा सडक संघटनेची माणसे सोनमर्गकडून आणि द्रासकडून अशी दोन्ही अंगांनी बर्फ कापीत येतात आणि मध्ये कुठेतरी एकमेकांना भेटतात. ज्या भिंतीला टेकून आमची मंडळी छायाचित्रे काढून घेतात, ती या कापणीची कड आहे. निसर्गाने तिथे भिंत ठेवलीच नव्हती. त्याने रस्ताच पुसून टाकला होता.

यावर एक विद्वान मला म्हणाले, "अहो मास्तर, आता सगळे यंत्रे करतात. माणसे कुठली?" मी तो रस्ता एप्रिलमध्ये पाहिला आहे. यंत्र बर्फ फेकते, हे खरे. पण दुपारी त्या भिंती पाझरू लागतात, पाणी रस्त्यावर पसरते, रात्री त्याची काच होते आणि ती काच डांबर फोडते. सकाळी ते पाणी काढून द्यायला, फुटलेली कड दगडांनी भरायला, दरड उचलायला फावडे लागते आणि फावड्याला हात लागतात. ते हात पुष्कळदा झारखंडातल्या दुमक्याकडचे असतात. जिथे बर्फ कधी पडत नाही अशा गावातली माणसे इथे तोंडाला फडके गुंडाळून उभी होती. आमच्या गाडीची काच वर होती. गाडीतल्या एका गृहस्थांनी त्यांना हाताने बाजूला व्हायची खूण केली. छायाचित्रात ती नको होती.

हीच खूण आमचे लेखक लेखणीने करतात. माझे भांडण आहे ते याच्याशी.

या मजुरांची भरती मुकादमामार्फत होई आणि मजुरीतला वाटा वाटेतच गळे. टाळेबंदीत, मे २०२० मध्ये, लडाखात अडकलेल्या मजुरांना झारखंड सरकारने विमानाने घरी आणले. पुढच्याच महिन्यात दुमक्याहून आगगाडी भरून मजूर पुन्हा त्याच रस्त्यांवर गेले. मजुरी थेट खात्यात जमा व्हावी, मध्ये कोणी नसावे, असा आग्रह त्या सरकारला तेव्हा धरावा लागला. सोनमर्गच्या वाटेवरचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा १३ जानेवारी २०२५ रोजी खुला झाला. त्याआधी तीन महिनेही झाले नव्हते, २० ऑक्टोबर २०२४ च्या संध्याकाळी गगनगीरला त्या कामावरच्या लोकांच्या तळावर दहशतवाद्यांनी गोळ्या झाडल्या. एक डॉक्टर आणि सहा कर्मचारी, असे सात जण ठार झाले. त्या बोगद्यातून आपण आता काही मिनिटांत पार होतो, आणि लेखात लिहितो, 'बोगदा संपला आणि स्वर्ग सुरू झाला'!

कोणी म्हणेल, प्रवासवर्णन म्हणजे मजूर खात्याचा अहवाल नव्हे. आम्हांला सौंदर्य हवे. मलाही ते हवे. बालतालच्या वरच्या वळणावरून खाली पाहिले तेव्हा माझाही श्वास अडकला. पण ज्या वळणावर माझी गाडी उभी होती, ते वळण कोणीतरी त्याच सकाळी मोकळे केले होते, हे कळल्याने त्या दृश्याचे काही उणे झाले नाही. पंढरीच्या वाटेवर पाणी देणाऱ्याला आपण माउली म्हणतो. त्याने वारीचे पावित्र्य कमी होते काय? जे सौंदर्य फावडे दिसताच मावळते, ते आधीच पुचाट असले पाहिजे.

तेव्हा संपादकांना माझी एक विनंती आहे. पुढल्या वर्षी हिमालयावरचा लेख हाती आला की त्यातली 'खुला होतो' ही वाक्ये तांबड्या शाईने अधोरेखित करून लेखकाकडे परत पाठवा आणि समासात एवढेच लिहा : कर्ता कोण?